परदेशातील संसार आणि घरातला नेम

‘प्रवास’ हा शब्द आपण आगगाडीच्या तिकिटापुरता करून ठेवला आहे. कर्जतहून घाट चढून पुण्यास गेलो की प्रवास झाला असे म्हणतो. परंतु संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ हिंडणे हा नव्हे. ‘वस्’ म्हणजे राहणे. त्यास ‘प्र’ हा उपसर्ग लागला म्हणजे घर सोडून दूर राहणे असा अर्थ होतो. ज्या स्त्रीचा पती दूरदेशी राहिला आहे तिला साहित्यशास्त्रात प्रोषितभर्तृका म्हणतात. त्यातला ‘प्रोषित’ याच धातूचा. तेव्हा खरा प्रवासी तो, जो गाडीतून उतरल्यावर तेथेच चूल मांडतो. अशा प्रवासात जी मुले वाढतात, त्यांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा विषय वारकऱ्यांच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर असे की, गेली काही वर्षे कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात कोणत्याही गावी सप्ताहास जावे, काल्याची पंगत उठली की एकदोन म्हातारी माणसे बुवांना बाजूस घेतात. पूर्वी ती बांधाच्या वादाचे बोलत, सुनेचे गाऱ्हाणे सांगत. आता बोलणे निराळे असते. खालापूरकडच्या एका माळकरी आजीबाईंनी मला विचारले, “महाराज, नातू फोनात दिसतो, हसतो, पर माझ्याशी बोलत नाय. मी काय बोलू त्याच्याशी?” मुलगा दुबईस, सूनही तेथेच नोकरीला, नातू सात वर्षांचा. म्हातारीला पैशाची अडचण नाही. घर बांधले आहे, वर पत्रा जाऊन स्लॅब पडला आहे. अडचण एवढीच की, ज्याच्यासाठी हे सारे केले त्या पोराला आजीची भाषा परकी झाली आहे.

आपल्या भागाला घर सोडून जाणे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत येथून पिढ्यानपिढ्या माणसे गेली. परंतु त्या काळी पुरुष जाई आणि संसार येथेच राही. बायको, मुले, गुरेढोरे, देव्हारा सर्व गावात. महिन्याची मनीऑर्डर आली की झाले. मूल वाढे ते आजीच्या मांडीवर, मारुतीच्या देवळात, भाताच्या खाचरात. बाप वर्षातून शिमग्याला नि गणपतीला येई तरी मुलाला ‘आपले काय’ हे शिकवायला सबंध गाव होते. आता बाप जातो तेव्हा संसारही उचलून नेतो. तेथे गाव नाही, आजी नाही, देऊळ असले तर चाळीस-पन्नास मैलांवर. जे काम येथे शंभर माणसे नकळत करीत, ते तेथे दोन माणसांना जाणूनबुजून करावे लागते, आणि तीही दिवसभर नोकरीवर. हे लक्षात न घेता येथे ओट्यावर बसून ‘पोरे बिघडली’ म्हणणे सोपे आहे. मी ते म्हणणार नाही.

बरे, सगळे परदेश एकसारखे नाहीत. आखातात जी मंडळी जातात, खोपोलीच्या कारखान्यांत हात तयार झालेले फिटर-वेल्डर असोत की हिशेबनीस-इंजिनिअर असोत, त्यांचा मुक्काम नोकरीच्या परवान्यापुरता. ठरावीक पगाराखाली बायकोमुलांना नेताच येत नाही. मूल तेथे जन्मले तरी त्या देशाचे होत नाही. म्हणून एक व्यवहाराची गोष्ट येथेच सांगून टाकतो. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे परदेशात जन्मलेल्या मुलास जन्माने भारतीय म्हणवून घ्यायचे, तर त्याची नोंद तेथील भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत करावी लागते. वर्ष उलटले की दिल्ली सरकारची परवानगी लागते. बारशाच्या गडबडीत हे राहून जाते, आणि मग पोर ना तेथले ना येथले असे कागदावर लोंबकळते. आजोबांनी बारशाच्या फोनात नाव विचारावे, तसे हेही विचारावे.

अमेरिकेकडे किंवा इंग्लंडकडे गेलेल्यांचे निराळे. तेथली मुले बहुधा तेथलीच होऊन वाढतात. त्यांना इकडे यायला ओसीआय नावाचे कार्ड मिळते. त्यावर आजन्म येता-जाता येते, पण मत देता येत नाही नि शेतजमीन विकत घेता येत नाही. आखातातले मूल आज ना उद्या परत येणार, आणि आले की महाराष्ट्रातल्या शाळेत त्याच्यापुढे मराठी उभी राहणार; २०२० च्या कायद्याने पहिलीपासून दहावीपर्यंत ती येथे सक्तीची आहे. अमेरिकेतले मूल परत येईलच असे नाही. म्हणजे एकाच्या बाबतीत प्रश्न परत रुजण्याचा, दुसऱ्याच्या बाबतीत दूर राहूनही तुटू न देण्याचा. परंतु दोन्हीकडे मूळ दुखणे एकच आहे. मूल तीन-चार वर्षांचे होईतो घरचे बोलते. शाळेत गेले की आईने मराठीत विचारावे नि त्याने इंग्रजीत उत्तर द्यावे, असे सुरू होते. आईला वाटते, समजते ना, मग पुरे. पण त्या समजणाऱ्या मुलाची मुले जेव्हा होतात, तेव्हा त्यांना समजतही नाही.

आता प्रश्न असा, की अशा परमुलखात काय टिकते आणि काय टिकत नाही? याचे उत्तर शोधायला मला अमेरिकेस जावे लागले नाही. आपल्याच जिल्ह्यात, जो १९८१ पर्यंत कुलाबा होता नि आता रायगड आहे, शेकडो वर्षांचा एक धडा लिहिलेला आहे. तो म्हणजे बेने इस्रायल लोकांचा.

जुन्या माणसांना ते ‘शनवार तेली’ म्हणून ठाऊक होते. घाण्यावर तेल काढण्याचा धंदा, बोली मराठी, बायकांच्या अंगावर लुगडे, हातात बांगड्या, आडनावे गावांवरून पडलेली, जशी दिवेकर, अष्टमकर, पेणकर. बाहेरून पाहिले तर आपल्यासारखेच. फक्त शनिवारी घाणा बंद. त्यांच्यातील परंपरा असे सांगते की, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचा हा वंश. ग्रंथ समुद्रात गेले, गुरू कोणी नाही, आपल्या देशाशी संबंध तुटला. परक्या मुलखात, परक्या भाषेत त्यांना लेकरे वाढवावी लागली. किती पिढ्या? मोजता येणार नाहीत इतक्या. हिब्रू भाषा ते विसरले. प्रार्थना विसरले. एवढेच नव्हे, तर पुष्कळसे सणही विसरले.

मग राहिले काय? शनिवारचा विश्राम राहिला. मुलाची आठव्या दिवशी सुंता राहिली. काही उपवास राहिले. एक देव आहे असे सांगणारे ‘शमा’ नावाचे एक छोटेसे वचन, तेवढेच काय ते हिब्रूतले, तोंडी राहिले. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तेच म्हणत. आणि राहिला स्वयंपाकघरातला विधिनिषेध. त्यांच्यात एक कथा सांगतात, ती मला फार आवडते. दावीद राहाबी नावाचा एक विद्वान परदेशातून आला. हे लोक खरोखर आपल्यापैकी आहेत की काय, याची त्याला शंका. ग्रंथ विचारावे तर ग्रंथ नाहीत, भाषा विचारावी तर मराठी. तेव्हा त्याने बायकांसमोर निरनिराळी मासळी ठेवली व रांधायला सांगितली. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी घेतली नि बाकीची बाजूस सारली. आम्ही ही खात नाही, म्हणाल्या. तो ओळखून गेला. पुढे त्याने त्यांच्यातल्या तिघांना शिकवून तयार केले आणि शिक्षण पुन्हा सुरू झाले, असे ते सांगतात.

माळकऱ्यांनी ही कथा मासळीची म्हणून नाक मुरडून सोडू नये. कथेचे मर्म पाहावे. परीक्षा घेणाऱ्याने पोथी विचारली नाही, पाटा-वरवंट्यापाशी बसलेल्या बाईला विचारले. जे पोथीतून गेले होते ते तिच्या हातात होते. तिला बहुधा त्याचे कारणही सांगता आले नसते. आईने केले, म्हणून तिने केले. आणि आईने ते वर्षातून एकदा नव्हे, रोज केले, म्हणून ते उरले.

पुढचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. शिक्षण परत मिळाल्यावर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. आपल्या शेजारी पनवेलला १८४९ चे आहे. आणि आम्हा कीर्तनकारांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, आपल्या मुलांना धर्मकथा समजावून सांगायची वेळ आली तेव्हा या लोकांनी आपले कीर्तन उचलले! १८८० च्या सुमारास त्यांच्यात कीर्तने होऊ लागली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने, मराठी पदे, आपल्याच चाली. हिब्रूतले मुलांना कळेना, म्हणून मुलांना कळणाऱ्या भाषेत हिब्रूतले सांगितले. याला मी शहाणपण म्हणतो. त्यांनी भाषेसाठी कथा सोडली नाही आणि कथेसाठी भाषेचा हट्ट धरला नाही.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले आणि हळूहळू बहुतेक मंडळी तिकडे गेली. येथे आता काही हजारच उरली. म्हणजे पुन्हा प्रवास, आणि या वेळी उलटा! तेथे गेल्यावर सुख लागलीच मिळाले असे नाही. तुम्ही खरे यहुदी कशावरून, असे काही धर्मगुरूंनीच विचारले. लग्नाच्या वेळी वंशावळी मागू लागले. लोकांना धरणे धरावे लागले, तेव्हा कोठे १९६४ साली त्यांना सर्व बाबतीत पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. परंतु मौज अशी की, ज्या मराठीला त्यांनी कोकणात परकी म्हणून जवळ केले, तीच आता वाळवंटाच्या कडेला दिमोना, बीरशेबा अशा गावी आईची भाषा झाली. मुले हिब्रू बोलू लागली तेव्हा तेथल्या मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. पोहे, ओले खोबरे, गूळ-साखर नि फळे घालून एलिया प्रेषिताच्या नावाने मलिदा करण्याची जी रीत ते कोकणातून घेऊन गेले, ती तेथे अजून चालते. मराठी तेथे नातवंडांत मागे पडत चालली आहे. मलिद्याचे ताट मात्र नातवंडे ओळखतात.

भाषा मागे पडणे हे कमी दुःखाचे आहे असे मी म्हणत नाही. परंतु दोन्हीपैकी अगोदर काय धरावे, असा प्रसंग आला तर अगोदर नेम धरावा, असे माझे मत आहे. पुष्कळ विद्वान अगोदर भाषा म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. भाषेवाचून ज्ञानोबा-तुकोबांचे दार अर्धे बंदच राहते. पण नुसती भाषा शिकवायला जावे तर मूल विचारते, ही मी कोणाशी बोलू? आणि त्याला उत्तर नसते. घरात रोज एखादी गोष्ट मराठीतूनच होत असली, तर भाषेला राहायला एक कोनाडा मिळतो.

याला दुसऱ्या बाजूचाही दाखला आहे. व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यामागून जी कुटुंबे तंजावरास गेली, त्यांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. ते राज्य १८५५ साली संपले; शाळेत कोणी मराठी शिकवली नाही; पुष्कळांना देवनागरी वाचता येत नाही, मराठी लिहायची तर तामिळ अक्षरांत लिहितात. तरी चुलीपाशी, देवापाशी, लग्नकार्यात मराठी. मोरगावकर बुवांसारख्यांनी कीर्तन तिकडे नेले आणि तामिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी ही नावे जशीच्या तशी आहेत. तेथे लिपी गेली आणि बोली राहिली.

उलट मॉरिशस पाहा. १८३४ पासून उसाच्या मळ्यांत कामाला करारावर माणसे नेली, त्यात मुंबईच्या बंदरातून गेलेले कोकणी, देशावरचे मराठे पुष्कळ. ती जेथे उतरली तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. त्यांच्या घरात आज क्रिओल बोलतात. पण गणेशचतुर्थीला सबंध देशाला सुट्टी, कोकणातली जाखडी तेथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात, आणि प्राथमिक शाळेत मराठी शिकता येते. हे मिळवायला त्या लोकांनी मंडळ्या काढल्या, सरकारदरबारी खेटे घातले. १९९१ साली जागतिक मराठी परिषद तेथे भरली होती. मळ्यातल्या कोयत्यापासून येथवर येणे लहान गोष्ट नव्हे. तरीसुद्धा शाळेत शिकलेली मराठी आणि चुलीपाशी शिकलेली मराठी यांत जो फरक राहतो, तो राहतोच.

नामदेवरायांचे तर सर्वांस ठाऊक. पंजाबात घुमानला त्यांनी दीर्घकाळ वास केला. गुरु ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांना मानणारी तिकडली मंडळी मराठीचे एक अक्षर जाणत नाहीत, पण नामाला विसरली नाहीत. तेव्हा परदेशातल्या ज्या आईला वाटते की, माझ्या मुलाला मराठी नीट येत नाही म्हणजे आता सर्व बुडाले, तिने धीर सोडू नये. पांडुरंगाला इंग्रजी समजत नाही असे कोणी सांगितले आहे? मूल विचारते, आपल्या घरी तुळशीची माळ का, आपण मांस का खात नाही, शाळेतल्या मित्राच्या वाढदिवसाला मी काय खावे. याचे उत्तर त्याला ज्या भाषेत कळते त्या भाषेत द्यावे, आणि पुरते द्यावे. ‘आपल्यात तसे नसते’ एवढ्यावर भागवू नये. येथल्या मुलाला कारण न सांगताही चालते, कारण भोवती सगळेच तसे करतात. तेथल्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात त्या प्रश्नाचे उत्तर स्वतः द्यायचे असते; त्याला ते उत्तर आपण दिलेले नसेल तर ते माळेची लाज धरायला शिकते.

आता नेम म्हणजे नेमके काय करावे, ते बोलू. ‘संस्कार’ या शब्दाची एक गंमत आहे. ‘सम्’ नि ‘कृ’ यांच्यामध्ये जो ‘स’ आला आहे तो मूळचा नाही. भगवान पाणिनी सांगतात की, सजवणे, नीट करणे असा अर्थ असेल तेव्हा तो मध्ये येतो. म्हणजे करणे आहेच. त्यात काहीतरी बारीकसे घातले की नुसते करणे जाऊन संस्कार होतो. परदेशातले घर दिवसभर काहीतरी करीतच असते. त्यात पाव घटकेचे एक काम घालायचे आहे, इतकेच. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावावा, मुलाच्या हाती टाळ द्यावेत, आणि हरिपाठातले दोन-तीन अभंग म्हणावेत. सबंध हरिपाठाचा आग्रह पहिल्या दिवशी धरला की आठव्या दिवशी सगळेच सुटते, हे मी पुष्कळ घरी पाहिले आहे. थोडे धरावे, पण आजारपण, परीक्षा, पाहुणे, सहल काही आले तरी सोडू नये. मोटारीत असलात तर मोटारीत म्हणावे.

तेथल्या मराठी मंडळांचे मी कौतुकच करतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ न. चिं. केळकरांनी १९३२ साली स्थापन केले, उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. गावोगाव रविवारच्या मराठी शाळा चालतात आणि चालवणारे पदरमोड करतात. पण काही आईबाप असे आहेत की, मुलाला रविवारी शाळेच्या दारात सोडले, गणेशोत्सवात नऊवारी-फेटा नेसवून फोटो काढला, की आपले कर्तव्य झाले असे समजतात. आठवड्याचा एक तास घरातल्या सात दिवसांशी कसा लढणार? शनवार तेल्याने घाणा बंद ठेवला तो आपल्या अंगणात, दुसऱ्याच्या संस्थेत नव्हे.

यात आजीआजोबांनाही काम आहे, आणि त्या खालापूरच्या आजींना मी जे सांगितले ते येथे सर्वांसाठी सांगतो. फोन लागला की आपण विचारतो, जेवलास का? शाळेत गेलास का? कधी येणार? पोर ‘हो’, ‘हो’, ‘माहीत नाही’ म्हणते आणि पळते. यात त्याचा काय दोष? याला बोलणे म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात. कीर्तनकार आख्यान रंगात आले की अडवणुकीच्या जागी थांबतो नि टाळकऱ्यांकडे पाहतो. श्रोता हलत नाही. तसे करावे. पुंडलिकाची गोष्ट काढावी. देव दारात उभा आहे, पुंडलिक आईबापांचे पाय चेपतो आहे, देवाने हाक मारली... आणि म्हणावे, आता उद्या. उद्या पोर स्वतः विचारील, आजी, पुढे? तो ‘पुढे’ हा शब्द मराठीत आला की निम्मे काम झाले. सोपे शब्द वापरावेत, पण आपलेच वापरावेत. आजीने उगीच इंग्रजी फोडू नये. नातवाला तिकडे तेवढे ऐकायला मिळते.

वेळेचेही गणित बसते. दुबईचे घड्याळ आपल्यामागे दीड तास. आपल्याकडे सायंकाळी सातला हरिपाठ सुरू होतो तेव्हा दुबईत साडेपाच. मूल शाळेतून आलेले, बाप मात्र कामावर. तेव्हा तेथे ही बाब आईने किंवा आजीनेच धरायची. न्यूयॉर्ककडे उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर. पहाटे पाचला आपल्या देवळात काकडा होतो तेव्हा तेथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, म्हणजे मुलाची जेवून निजायची वेळ. हिवाळ्यात ते लोक घड्याळ मागे घेतात, मग साडेसहा. आजोबांनी देवळात जाताना फोन खिशात ठेवला, काकड्याचे दोन अभंग नातवाला ऐकवले, तर आपली पहाट आणि त्याची संध्याकाळ एकाच टाळावर होते. देवळातल्या मंडळींनी त्यावर कुरकुर करू नये. माझ्या माहितीच्या एका देवळात केली. मी त्यांना म्हटले, घंटेला चालते तर फोनला का नको?

दुसरी एक गोष्ट, कडू आहे पण सांगितलीच पाहिजे. ही मुले सुट्टीत गावी येतात तेव्हा आपली माणसे त्यांना हसतात. त्यांचा ‘ळ’ नीट निघत नाही, ‘ण’चा ‘न’ होतो. चुलतभावंडे नक्कल करतात आणि काका-मामाही खो खो हसतात. दहा वर्षांचे पोर दोन दिवस बोलते, तिसऱ्या दिवशी तोंड मिटते, आणि मग पुढच्या वर्षी तेथूनच म्हणते, मला यायचे नाही. आईबापांनी दहा वर्षे जे जपले ते ओट्यावरच्या एका हशाने जाते. चुकलेला शब्द आपण नुसता बरोबर उच्चारून पुढे बोलावे, झाले.

आणि मुले येतात केव्हा, तेही ध्यानात घ्यावे. आपल्या कोकणात आषाढात भातलावणी असते, म्हणून येथल्या पुष्कळांना आषाढीपेक्षा कार्तिकी सोयीची. कार्तिकी एकादशीपासून खोपोलीजवळ साजगावला धाकट्या पंढरीची यात्रा पंधरा दिवस भरते. बोंबल्या विठोबा म्हणून लोक ओळखतात, सुक्या मासळीचा नि घोंगड्यांचा मोठा बाजार असतो. तुकोबाराय मिरचीच्या व्यापाराला घाट उतरून इकडे येत, अशी तेथली आख्यायिका. तीही घर सोडून पोटासाठी दूर जाण्याचीच कथा आहे, फक्त पल्ला देहूपासून साजगावचा. परंतु कार्तिकात परदेशातल्या शाळा चालू असतात. त्यांची लांब सुट्टी जून-जुलैत, आखाताकडील जुलै-ऑगस्टात. म्हणजे ऐन लावणीचे दिवस, ऐन पालखीचे दिवस. त्या दिवसांत मुलांना लोणावळ्याचे धबधबे आणि मुंबईचे मॉल दाखवण्यात सुट्टी घालवू नये. एक दिवस खाचरात उतरवावे, आवा कसा धरतात, रोप कसे खोचतात ते त्याच्या हाताने करू द्यावे. पाय चिखलात रुतले की आई ओरडेल, तिला आधीच सांगून ठेवावे.

दुसरा एक दिवस पुण्याला. ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, तेथेच गांधीवाड्यात रात्र काढून दुसऱ्या दिवशी पुण्यास येते आणि भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात दोन रात्री राहते. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. दोन्ही एका दिवसात मुलाला पायी दाखवून होतात. कर्जतहून पहाटेची गाडी धरावी. मुलाला सबंध वाट चालायला लावू नये. सात-आठ वर्षांच्या पोराला दिंडीबरोबर तासभर पुरे. टाळ घरचेच न्यावेत, जे तो तिकडे संध्याकाळी वाजवतो तेच, म्हणजे आजूबाजूला हजार माणसे तेच वाजवताना त्याला दिसतील. पावसाचा कागद, पाण्याची बाटली आणि आईबापांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात असू द्यावी. गर्दी फार असते.